गोठ्यातली शाल

आमच्या गाईला सगळे चोरटी म्हणतात. ती कुणाच्या शेतात घुसत नाही, दावं तोडत नाही, तरी चोरटी. कारण ती स्वतःचाच पान्हा चोरते. परका हात कासेला लागला की दूध वर ओढून घेते आणि निवांत रवंथ करत उभी राहते, जसं काही दूध हा प्रकारच तिने कधी ऐकलेला नाही. आई तिच्या पोटाला कपाळ टेकवून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, की मात्र सोडायची. बाकी कुणाची डाळ तिथे शिजत नसे.

या उन्हाळ्याच्या तोंडाला तिचं वासरू गेलं. तेव्हापासून तर ती आईशिवाय कुणाला जवळच येऊ देईना. आमची दुसरी गाय गाभण, आटलेली, पाऊस लागल्यावर विणार. विहिरीचा तळ दिसत होता आणि शेतात ढेकळं. म्हणजे घर चालायचं चोरटीच्या दुधावर, चोरटी चालायची आईवर, आणि आई कशावर चालते हे विचारायला आम्हाला सवड नव्हती. सवड नव्हती असं आपलं म्हणायचं. विचारायची छाती नव्हती.

पहाटे मीच तिला उठवायचो. ती पडवीत खाटेवर झोपायची, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. आधी इतकी लहान दिसत नसे.

"आई, ऊठ."

"कोण?"

"मी. धाकट्या."

"कोण धाकट्या?"

असं ती वर्षभरापासून विचारायला लागली होती. जेवली की नाही ते विसरायची. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते अजून कसे आले नाहीत म्हणून दाराकडे बघत बसायची. माझ्या बायकोला एकदा म्हणाली, "बाई, तू कुणाकडे आलीस? घरात कुणी नाही आत्ता." बायको बिचारी म्हणाली, "तुमच्याकडेच आलेय, आई," आणि भांडी घासायला बसली.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून पुसली गेली नव्हती. मी नाव सांगत बसायचो नाही. वाकून तिच्या कानाशी म्हणायचो, "आई, गाय खोळंबलीय."

की लगेच पाय खाली. डोळे उघडलेले नसायचे, पण पाय जमिनीवर. खुंटीवरची शाल हाताला लागली की अंगावर, आणि भिंत धरत गोठ्याकडे. मला वाटायचं, बघा, कामाचं कसं पक्कं लक्षात आहे. काम करते म्हणून तर टिकून आहे. शेजारी-पाजारीही हेच म्हणायचे, आणि आपल्याला हवं ते दुसऱ्याने म्हटलं की माणसाला केवढं बरं वाटतं.

ती शाल म्हणजे एक प्रकरण होतं. मूळ रंग कुठला ते देवालाच ठाऊक. शेण, दूध, घाम, पेंड, गाईची लाळ, सगळं वर्षानुवर्षं त्यात मुरलेलं. उन्हाळा असो, काही असो, गोठ्यात जाताना आई ती डोक्यावरून घ्यायचीच. धुवायची कधी नाही. बायकोने एकदा विचारलं तर म्हणाली, "तिला मी ओळखू यायला नको का?" आम्ही हसलो होतो.

मी बादली धरून मागे उभा राहायचो. आई पाटावर बसायची, म्हणजे बसायची कसली, शेवटी शेवटी मीच दोन्ही बगलांत हात घालून बसवायचो. मग चोरटीच्या पोटाला कपाळ टेकवून म्हणायची, "सोड गं आई, सोड." गाईला ती आईच म्हणायची. चोरटी एक लांब श्वास टाकायची, कास भरून यायची आणि बादलीत धार वाजायला लागायची. कधी मी खाली वाकून बघितलं तर आईचे डोळे मिटलेले असत, तोंड अर्धवट उघडं, आणि तरी हात चालू. ती झोपलेली असायची. झोपेत धार काढायची.

आता कुणीही भल्या माणसाने काय केलं असतं? मी श्वाससुद्धा जपून घ्यायचो. तिची झोप मोडू नये म्हणून नव्हे. धार मोडू नये म्हणून.

आणि रोज ती तीन सडं काढायची आणि चौथ्याला हात लावायची नाही. "ते त्याचं," म्हणायची. वासराचं. वासरू नाही हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात घेतला आणि अख्खा दिवस जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौथं सड सोडलं. पुन्हा सांगायचं म्हणजे पुन्हा तिला रडवायचं, म्हणून आम्ही सांगणं बंद केलं. तिला खाटेवर नेऊन निजवायचं, शाल खुंटीला, आणि पान्हा ओसरायच्या आत धावत येऊन चौथं सड मी पिळून घ्यायचो. सडात दूध ठेवलं तर कास सुजते, ते काढावंच लागतं. तरी हात घालताना मागे वळून बघायचो, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. घरात खरी चोरटी कोण, हा प्रश्नच होता.

मग एका संध्याकाळी ती गोठ्यात पडली. धार काढून झाली होती, तिला निजवलं होतं, मी केंद्रावर दूध घालायला गेलो होतो. आपण धार काढली हेच ती विसरली आणि पुन्हा जाऊन बसली. रिकाम्या कासेला ओढत राहिली. चोरटीने लाथ मारली नाही हो, तेवढी अक्कल त्या जनावराला होती. ती नुसती बाजूला सरकली आणि आई तोंडावर आली. बायको म्हणाली, शेणात पडून तशीच "सोड गं, सोड गं" म्हणत होती.

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, मोजकं बोलणारा. नाडी, छाती, पाय बघितले. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला तो भरेचना.

"घरी काम काय असतं यांना?"

"काही नाही," मी म्हणालो. "घरीच असते. बसून."

त्याने आईचा हात हातात घेतला, उलटा केला. अंगठ्याच्या पेरावर सुपारीएवढी गाठ होती, धार काढून काढून झालेली. तो अंगठा त्याने नुसता माझ्याकडे वळवून धरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी लगेच बोलून गेलो, "म्हणजे गाईजवळ थोडं बसते कधी कधी. तिलाच करमत नाही."

"पहाटे उठतात?"

"उठते."

"की उठवता?"

बायकोने मान खाली घातली. मी भिंतीवरचं चित्र बघितलं. त्यात माणसाचं हृदय काढलेलं होतं.

"हृदय दमलंय त्यांचं," डॉक्टर म्हणाला. "विसरण्यावर माझ्याकडे फार औषध नाही. पण माणूस जेवढा दमेल तेवढं आणखी विसरेल. झोप मोडू नका. मनाने जाग येईपर्यंत झोपू द्या. आराम म्हणजे आराम, समजलं ना?"

"समजलं," मी म्हणालो.

तेवढ्यात आई खुर्चीवरून उठायला लागली. "चला," म्हणाली, "गाय खोळंबलीय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला उठवलं नाही. ती दिवस चांगला वर येईपर्यंत झोपली, तोंड उघडं टाकून. इकडे गोठ्यात तमाशा. बायको बसली तर चोरटीने बादली उडवली. मी मागचे पाय बांधून बसलो तर उभी राहिली खांबासारखी, थेंब नाही. पेंड पुढे ठेवली, ती खाल्ली. गोंजारलं, गोंजारून घेतलं. दूध नाही. गुरांचा डॉक्टर म्हणाला पान्हा सोडायची सुई देतो, पण सुईचं दूध केंद्रावर कळलं तर घेत नाहीत, आणि सुईने गाय खंगते ते वेगळंच. संध्याकाळी कास दगडासारखी झाली. चोरटी हंबरायला लागली, ती पडवीकडे तोंड करून.

बायको वैतागून म्हणाली, "मग तुम्हीच घाला आईंची शाल आणि बसा. तोंडवळा तर त्यांचाच आहे."

ती चिडून बोलली होती. मी खुंटीकडे बघायला लागलो.

"अहो, मी आपलं म्हटलं!"

"म्हटलंस ते बरं केलंस."

शाल डोक्यावरून घेतली. आत आईचा वास. तेलाचा, दुधाचा, आणि म्हाताऱ्या माणसाचा एक असतो तसा. वाकून, पाय ओढत, तिच्यासारखा भिंत धरत गेलो. बायको तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. पाटावर बसलो, चोरटीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि आवाज बारीक करून म्हणालो, "सोड गं आई, सोड." चोरटीने मान वळवून शाल हुंगली. बराच वेळ हुंगली. मग श्वास टाकला.

आईइतकं दिलं नाही. निम्म्याहून थोडं जास्त. पण दिलं! मी बादली घेऊन बाहेर आलो तेव्हा बायको हसायची थांबली होती, डोळे पुसत होती.

गावात बातमी लपते होय? केंद्रावरच्या मापाड्याने मला बघून बाकावर अंग चोरून जागा केली. "या, वहिनी, बसा. दादा नाही आले आज?"

"तुझ्या घरी गेलेत," मी म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो. हसू द्या. आई झोपत होती. तिच्या पायांची सूज उतरली. एकदा दुपारी तिने मला नावाने हाक मारली आणि विचारलं, "तू का रे असा वाळलास?" त्या दिवसांत मला वाटलं, आपण सुटलो. इतक्या स्वस्तात कुणी सुटतं का, हा विचार तेव्हा नाही आला.

मग ताई आली. माझी थोरली बहीण शहरात असते, वर्षातून एकदा येते आणि आल्या आल्या केरसुणी हातात घेते. मन मोठं आहे तिचं, पण हात फार चालतो. आईला न्हाऊ घातलं, नखं कापली, खाटेच्या दोऱ्या आवळल्या, उशीला उन्हं दिली. मी दूध घालून परत आलो तर अंगणात दोरीवर एक लांबलचक निळी शाल वाळत होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"आईची! निळी आहे रे ती, तुम्हाला माहीत तरी होतं का? तीन पाणी काळं निघालं. कसल्या घाणीत ठेवलंय तुम्ही तिला!"

मी बायकोकडे बघितलं. "मी चाऱ्याला गेले होते," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी चोरटीने शाल हुंगली, साबणाच्या वासाने फुरफुरली आणि मला असं ढकललं की मी गव्हाणीवर जाऊन आदळलो. सकाळी पुन्हा तेच. ताई म्हणाली, "बाजूला हो, मीही याच गोठ्यात वाढलेय," आणि बसली. चोरटीने तिच्या पायावर पाय ठेवला आणि उचललाच नाही. दोन वेळा झाल्या. कास तापली होती. तिसरी वेळ चुकवली असती तर कास कायमची गेली असती.

हे मी गाईसाठी सांगतोय की माझ्यासाठी, ते मलाच माहीत नाही. मी खाटेपाशी गेलो, वाकलो आणि म्हणालो, "आई, गाय खोळंबलीय."

पाय खाली.

ताई मधे आली. "अरे, डॉक्टरने काय सांगितलंय? लाज वाटत नाही तुला?"

"वाटते. तू काढ दूध, मी लाजत बसतो."

"जनावर आहे ते! विकून टाक!"

"आटायला आलेली, पान्हा चोरणारी गाय घेतो कोण? तुझ्या इमारतीत कुणी आहे का?"

आम्ही असे भांडत असताना आई आमच्या मधून भिंत धरत गेलीसुद्धा. तिने तिन्ही सडं मोकळी केली. चौथं सोडलं. उठताना मात्र तिला उठता येईना. ताईने आणि मी मिळून उचललं. तिचं वजन असं काही नव्हतंच. खाटेवर टेकताना तिने ताईला विचारलं, "बाई, हा कोण गं? सारखा उठवतो मला."

ताई माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. तिने बघितलं नाही, ते जास्त लागलं. निघायच्या आधी ती म्हणाली, "मी घेऊन जाते आईला."

"तिला तिथे करमायचं नाही," मी पटकन म्हणालो. "चार भिंतींत घाबरेल. रस्ता चुकेल. इथे निदान जागा ओळखीची आहे."

सगळं खरं होतं. बायकोनेही मान डोलावली. ताईला पटलं, डोळे पुसत एकटी गेली. पण ते बोलताना माझ्या डोळ्यांपुढे आई नव्हती, बादली होती. खरं बोलूनही माणूस किती खोटा असू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

आता शालीला वास परत आणायचा होता. मी ती शेणात लोळवली, गाईच्या अंगाला घासली, दुधाचा हात पुसला. चोरटी हुंगायची आणि तोंड फिरवायची, आणि शेवटी आईलाच आणून बसवावं लागायचं. गाईचा वास गाईला कशाला हवा? तिला हवी होती आई.

भर दुपारी, बाहेर पाखरू दिसत नव्हतं अशा उन्हात, आई खाटेवर झोपली होती. मी ती शाल तिच्या अंगावर घातली. गळ्यापर्यंत ओढली. कडा खाली खोचल्या. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम आला, मग मानेवर. तिने शाल बाजूला सारली. मी परत घातली.

"उकडतंय रे," ती डोळे न उघडता म्हणाली.

"थंडी आहे, आई. असू दे."

तिने डोळे उघडले. अंगणात नुसता जाळ होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थंडी पडली का?" म्हणाली. "मला मेलीला काही कळतच नाही आताशा." आणि स्वतःच शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

ती माझ्यावर विश्वास ठेवून घामाने भिजत पडून राहिली. मी खाटेच्या पायाशी बसून होतो. उठून शाल काढावी असं दहादा मनात आलं आणि दरवेळी मी म्हटलं, अजून थोडं. अजून थोडं.

बायको बाहेर आली. "अहो, हे काय? इतक्या उन्हात—" आणि थांबली. शालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. तिने पंखा घेतला आणि आईच्या उशाशी बसून वारा घालायला लागली. वारा घालत होती, पण शाल तिनेही काढली नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ऊन उतरेपर्यंत तसेच बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शाल घेऊन गोठ्यात गेलो. शाल अजून दमट होती. चोरटीने हुंगली आणि कान पाडले. मी पोटाला कपाळ टेकवलं. "सोड गं आई, सोड." कास थोडी हलली, पण दूध उतरेना. मी पुन्हा म्हटलं. घाईने म्हटलं असेन. गाईला घाई लगेच कळते.

तेवढ्यात मागे पाय घासल्याचा आवाज आला. वळून बघतो तर दारात आई. तिला कुणीही उठवलं नव्हतं. केस मोकळे, चौकट धरून उभी, झोपेतलं पोर असतं तशी. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे शालीकडे.

"आई?" ती म्हणाली.

मला आधी वाटलं, गाईला म्हणतेय. पण ती मलाच म्हणत होती.

"आई, तू आलीस गं? कधी आलीस?"

मी तोंड फिरवलं. तोंड दाखवलं असतं तर दाढी दिसली असती. अगदी बारीक आवाजात म्हणालो, "आत्ताच."

ती भिंत धरत आली आणि पाठीमागे कडब्याच्या पेंढीवर बसली. तिचा हात माझ्या पाठीवर आला, शालीवरून. "बरं झालं आलीस," ती म्हणाली. "मी दमले गं आई. फार दमले. इथे एक पोरगा आहे, तो झोपूच देत नाही. अंधार असतो आणि येऊन म्हणतो, गाय खोळंबलीय. माझे पाय दुखतात म्हटलं तर ऐकत नाही. वाईट नाहीये तो. जेवायला घालतो. पण मला त्याची भीती वाटते. झोप लागली तरी वाटत राहतं, आता येईल, आता येईल. तू सांग ना त्याला."

चोरटीने कान टवकारले होते. तिला तो आवाज ओळखीचा होता. एक लांब श्वास टाकला, आणि माझ्या हातांत कास भरून आली. अशी भरली, जशी वासरू गेल्यापासून कधी भरली नव्हती. दूध आपोआप ठिबकायला लागलं.

"सांगशील ना, आई?"

"सांगते," मी म्हणालो. माझ्या तोंडून, सांगते.

"ओरडू नकोस हं त्याला. नुसतं सांग."

"नाही ओरडत. तू झोप जा, बाळ."

आणि माझे हात चालू होते. तेवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आई मागे बसून माझी तक्रार माझ्याजवळ करत होती, त्या तक्रारीला गाय पान्हवली होती, आणि मी धार काढत होतो. चारही सडं काढली. बादली काठोकाठ भरल्यावर थांबलो. तोवर आई पेंढीवर आडवी होऊन झोपली होती, शालीचं टोक मुठीत धरून.

दूध केंद्रावर घातलं. मापाडी खुश झाला. "आज बरी हो देते तुमची महाराणी! दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात ते खोटं नाही."

मी त्या दिवशी हसलो नाही. घरी येऊन बायकोला म्हणालो, "चोरटीला आटवतोय."

ती वैरण तोडत होती. कोयता तसाच धरून बघत राहिली. "मग खायचं काय? दुसरी व्यायला अजून अवकाश आहे."

"रस्त्याच्या कामावर, खडीवर जातो. माणसं हवीत म्हणतात."

"तुमची कंबर?"

"आईच्या कमरेचं विचारलं होतं का कधी आपण?"

ती कोयता खाली ठेवून म्हणाली, "मीही येते. आळीपाळीने जाऊ, म्हणजे आईंजवळ कुणीतरी राहील." तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

आटवायचं म्हणजे एकदम नाही. एक वेळ चुकवायची, मग दोन, पेंड बंद, पाणी कमी. कास दुखते. चोरटी हंबरायची, रात्र झाली तरी पडवीकडे तोंड करून. आई विचारायची, "कोण रडतंय?" आम्ही म्हणायचो, "कुणी नाही." मग चोरटीही गप्प झाली. आता ती रिकामी उभी असते आणि कुणाचं काही चोरत नाही.

आणि मी आईला उठवत नाही. एकदाही नाही. दिवस वर आला तरी चालेल, असं ठरवलंय. पण ती उठतेच. पहाटे, त्याच वेळेला, खाटेवर उठून बसते आणि दाराकडे कान लावते. मी जवळ गेलो, "आई, झोप, मी धाकट्या," म्हटलं, की अंग आक्रसून पाय खाली सोडायला लागते. माझा आवाजच तिला तसा झालाय. मी उठवणं बंद केलंय हे तिला रोज सांगतो, आणि रोज ती विसरते. बाबा गेले ते विसरली, वासरू गेलं ते विसरली, माझं नाव विसरली. उठवतो तो पोरगा तेवढा लक्षात आहे.

म्हणून मग मी पहाटे शाल घेतो. डोक्यावरून ओढतो, पुढे येतो आणि खाटेच्या कडेला बसतो. गाईसाठी नाही आता.

"आलीस, आई?" ती म्हणते. अंग सैल सोडते. "तो आला नाही ना?"

"नाही आला. येणार नाही आता. मी सांगितलंय त्याला."

"रोज सांगतेस."

"ऐकलंय त्याने."

"कुठलं गं," ती म्हणते, आणि मला समजावल्यासारखा माझ्या गुडघ्यावर हात ठेवते. "ऐकलं असतं तर तुला रोज यावं लागलं असतं का?"

ती शालीचं टोक मुठीत घेते आणि भिंतीकडे तोंड करून झोपी जाते. खडीवर जायची वेळ होते, बायको दारातून खुणावते. मी हाताने थांब म्हणतो. उठलो तर शाल ओढली जाईल आणि तिची झोप मोडेल.